केळणेकाठचे लेणे आणि काप्रीची निळी गुहा

भोकरदनहून समुद्र गाठायचा तर मुंबईपर्यंत चारेकशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो, आणि गावची नदीही पश्चिमेच्या समुद्राकडे पाठच फिरवते. केळणा पूर्णेला मिळते, पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते, आणि ते पाणी पार पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. अशा गावच्या माणसाने इटलीतल्या काप्री बेटावर जाऊन समुद्राच्या पाण्याने भरलेली गुहा कशासाठी पाहायची, असे कोणीही विचारील. माझे म्हणणे असे आहे की ती गुहा पाहण्याचे भोकरदनकराला जेवढे कारण आहे तेवढे फार थोड्या लोकांना असेल. ती पाहिल्यावरच केळणेच्या काठच्या कातळात कोरलेले आपले लेणे कोणत्या जातीचे आहे हे नीट उमगते. आपण लेणी पाहायला शिकलो अजिंठ्या-वेरुळात. तिथे दगड बोलतो, पाणी दरीत खाली राहते. ज्या गुहेच्या उंबऱ्यालाच पाणी आहे, तिथे मात्र पाण्याला वगळून दगड वाचता येत नाही. अशी जागा पाण्याच्या बाजूने पाहावी, शक्य तिथे अंग ओले करून पाहावी, असे मला वाटते. काप्रीचा प्रवास मी सुचवतो तो एवढ्यासाठीच.

वाटेवर आधी नेपल्स लागते, आणि तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. उंची जेमतेम वीतभर, पंचवीस सेंटीमीटरच्या आतबाहेर. बाई उभी आहे, अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच, पण दागिन्यांना तोटा नाही: कमरेला पदरांची मेखला, हातांत मनगटापासून वरपर्यंत चढवलेल्या बांगड्या, पायांत जाडजूड वाळे. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या जरा वर पोहोचतील अशा दोन दासी, हातांत शृंगाराचे सामान घेतलेल्या. मूर्तीच्या डोक्यात वरून खाली गेलेले भोक आहे. म्हणजे ती नुसती मूर्ती नव्हती, कसला तरी आधार होती: आरशाची मूठ, नाही तर एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय. इटालियन विद्वानांनी आधी तिला लक्ष्मी म्हटले, पुढे यक्षी म्हणणारे वाढले. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पॉम्पेई गाडले गेले, त्यामुळे मूर्ती त्याआधीची हे उघड आहे. १९७३ च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा त्यावरचा अहवाल १९७४ साली निघाला. त्या उत्खननात सातवाहनकालीन थरात हस्तिदंताची एक खंडित मूर्ती मिळाली. तिच्याही दोन्ही बाजूंना दासी, दागिन्यांची घडण तीच, उभे राहण्याची ढब तीच. दोन तुकडे हजारो किलोमीटरवर सापडावेत आणि एकाच आळीत घडवल्यासारखे दिसावेत, याचा अर्थ लावल्यावाचून राहवत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. अफगाणिस्तानातल्या बेग्रामला हस्तिदंती कामाचा मोठा साठा मिळालेला आहे. सांचीजवळच्या विदिशेच्या दंतकारांनी सांचीच्या तोरणावर दान कोरून ठेवलेले आहे. मग ती मूर्ती भोकरदनचीच कशावरून? मी तसा हट्ट धरत नाही. अक्षर कारागिराने कोरले, की मधल्या एखाद्या व्यापाऱ्याने मालावर खूण केली, हे त्या एका अक्षरावरून ठरत नाही. शिवाय खरोष्ठी जाणणारे व्यापारी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून वावरत असणे अशक्य नव्हते. घडणीचे साम्य मात्र भोकरदनच्या तुकड्याशी आणि तेरला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी फार निकटचे आहे, आणि ही दोन्ही गावे एकाच व्यापाराच्या जाळ्यात होती. सातवाहनांच्या काळी भोकरदनचे नाव होते भोगवर्धन. भारहुतच्या आणि सांचीच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत या गावचे लोक आहेत. ज्या गावची माणसे मध्य भारतातल्या स्तूपाच्या कठड्याला पैसा देऊ शकत होती, ते गाव आडवळणाचे खेडे खासच नव्हते. मूर्ती भोकरदनला घडली नसेल असे धरून चालले, तरी तिच्यासारखा माल इथे हाताळला जात होता आणि तो पश्चिमेच्या समुद्राकडे जात होता. माझ्या मुद्द्याला तेवढे पुरे आहे.

तो कसा जात होता, याची साक्ष पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या नोंदवहीत आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, आणि या दोन गावांतून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भरुचला येतो, असे तो लिहितो. भरुचहून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. पुढचा रस्ताही ठाऊक आहे: मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातली बंदरे, तिथून उंटांवर वाळवंट ओलांडून नाईल नदी, नदीतून अलेक्झांड्रिया, आणि अलेक्झांड्रियाहून मोठ्या गलबतांतून नेपल्सच्या उपसागरातले पुतेओली बंदर. आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. नेपल्सच्या उपसागराच्या दक्षिण टोकाला, समोरच्या भूशिरापासून अगदी थोड्या अंतरावर, काप्री आहे. सेनेकाने एका पत्रात अलेक्झांड्रियाची गलबते पुतेओलीला येतानाचे वर्णन केले आहे. काप्री आणि समोरचे भूशिर ओलांडले की इतर सगळ्या जहाजांनी वरचे शीड उतरवायचे असा नियम होता, आणि ते शीड चढते ठेवण्याचा मान फक्त अलेक्झांड्रियाच्या गलबतांना होता. म्हणूनच काठावरची माणसे शिडावरूनच ओळखत की पूर्वेचा माल आला. गाडीच्या चाकोरीत मराठवाड्याची काळी माती उडवत निघालेला हस्तिदंत या शिडाखालून काप्रीच्या कड्यांसमोरून गेला असणार, असे म्हणण्यात मला काही धाडस वाटत नाही.

त्या बेटावर तेव्हा रोमचा सम्राट राहून गेला होता. तिबेरियस इ.स. २७ पासून ३७ पर्यंत काप्रीवर होता. बेटाला बंदर असे नाही, उतरायला जागा थोड्या, कोणी न कळत येऊ शकत नाही, म्हणून त्याने ते निवडले असे टॅसिटस सांगतो. आज दिवसा काप्रीला शांत बेट म्हणणे धाडसाचे होईल. नेपल्सहून तासाभरात बोट पोहोचते आणि उन्हाळ्यात धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण शेवटची बोट निघून गेली की बेट पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येते. ही जागा एकांतासाठी निवडलेली होती हे संध्याकाळी पटते. म्हणून जाणाऱ्याने तिथे एक रात्र तरी राहावे. बेटाच्या वायव्य कड्याच्या पायथ्याला, अनाकाप्री गावाच्या खाली, ‘ग्रोत्ता अझ्झुर्रा’ म्हणजे निळी गुहा आहे. तिचे तोंड पाण्यावर जेमतेम मीटरभर उंच. चार माणसांच्या होडीत सगळ्यांनी पाठीवर आडवे व्हायचे, होडीवाल्याने कातळाला ठोकलेली साखळी धरायची, लाट ओसरायची वाट पाहायची आणि एका हिसक्यात होडी आत ओढायची. वारा उलटा असला तर गुहा बंद. आत गेल्यावर साठेक मीटर लांबीचे दालन, आणि प्रकाश वरून न येता खालून येतो. त्याचे कारण साधे आहे. ज्या फटीतून होडी शिरते तिच्याखाली, पाण्याच्या आत, तिच्याहून मोठे दुसरे तोंड आहे. ऊन त्या तोंडातून, म्हणजे पाण्यातून गाळून आत येते. पाणी तांबडा रंग गिळते आणि निळा पुढे जाऊ देते. त्यामुळे दगड काळा आणि पाणी पेटलेले अशी अवस्था होते. पाण्यात हात घातला तर त्वचेला चिकटलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांमुळे तो रुपेरी दिसतो. हात बाहेर काढला की पुन्हा साधा हात.

ही शोभा पाहायला लोक येतात, पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळी आहे. १९६४ साली या गुहेच्या तळातून रोमन काळातल्या संगमरवरी मूर्ती वर काढल्या गेल्या, नेपच्यून आणि ट्रायटन या समुद्रदेवतांच्या. समुद्रातल्या जीवांनी त्यांचा दगड पोखरून टाकलेला होता. त्यांतल्या काही आता अनाकाप्रीच्या ‘कासा रोसा’ संग्रहालयात आहेत. अभ्यासकांचे म्हणणे असे की या मूर्ती गुहेच्या भिंतीशी, पाण्याच्या पातळीलगत बसवलेल्या होत्या. म्हणजे आत येणाऱ्याला देव पाण्यातून कमरेपर्यंत वर आलेला दिसावा, आणि त्याच्या अंगावर खालून निळा उजेड पडावा. रोमनांनी गुहा शोधली आणि सजवली, एवढ्यावर हे संपत नाही. त्यांनी पाण्यालाच गाभारा मानले. मूर्तीला चौथरा नव्हता, पाणीच चौथरा होते. संग्रहालयातल्या कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या त्या पोखरलेल्या मूर्ती पाहिल्या की जे हरवले आहे ते लगेच जाणवते. दगड आहे, पाणी नाही, आणि म्हणून देवही अर्धाच आहे.

ही दृष्टी घेऊन भोकरदनला परत यावे. केळणेकाठचे लेणे वैष्णव आहे, साधारण सातव्या-आठव्या शतकातले. अजिंठ्याचा मापदंड लावला तर ते लहान आहे, झिजलेले आहे, आणि सिल्लोडच्या वाटेने अजिंठ्याला जाणारा प्रवासी वाकडी वाट करून त्याच्यासाठी येत नाही. पण ज्यांनी ते कोरले त्यांना डोंगर माहीत नव्हते असे नाही. अजिंठ्याची रांग जवळच होती. तरीही त्यांनी नदीच्या काठचा कातळ निवडला. नदी पुराला येणार, गाळ आणणार, हे त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक असणार, कारण ते तिच्याच पाण्यावर जगत होते. माझा अंदाज असा की त्यांनी जागा पाण्याकडे बघून निवडली. विष्णू हा पाण्यावर निजणारा देव. त्याच्या घराचा उंबरा नदीने धुवावा यात खोदणाऱ्यांना अडचण वाटली नसेल, उलट बरेच वाटले असेल. आणि मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. आपल्या बारवा पाहाव्यात: वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची पायऱ्यापायऱ्यांची बारव. भिंतींत देवळ्या आहेत, देवळ्यांत देव आहेत. पावसाळ्यात पाणी चढते तशी एकेक देवळी पाण्याखाली जाते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरते तसे देव पुन्हा वर येतात. पाठीला डबा बांधून मराठवाड्याच्या कित्येक पिढ्या विहिरी-बारवांत पोहायला शिकल्या, त्यांनी हे देव पाण्याच्या अंगाने पाहिले आहेत. पाण्यात मान वर काढून समोरच्या देवळीकडे पाहणे आणि काप्रीच्या गुहेत पाण्यातून वर आलेल्या देवाकडे पाहणे, या दोन गोष्टींची जात एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, हे ओढूनताणून आणलेले साम्य आहे. पॉम्पेईची मूर्ती पहिल्या शतकातली, लेणे त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी खोदलेले. तोवर रोमचा व्यापार आटला होता, सातवाहन इतिहासजमा झाले होते. काप्रीची गुहा निसर्गाची, चुनखडीत पाण्याने केलेली, आणि आपले लेणे छिन्नीचे. हे सगळे खरे आहे, आणि काप्रीचे पाहून भोकरदनचे लेणे खोदले असे मी म्हणतच नाही. हस्तिदंताच्या मूर्तीने इतकेच सिद्ध होते की हे दोन मुलूख पाण्याच्या वाटेने एकमेकांना जोडलेले होते, आणि भोकरदनच्या माणसाला समुद्र परका मानण्याचे कारण नाही. लेण्याचा मुद्दा यापासून वेगळा आहे. दोन मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता पाण्याच्या काठच्या दगडात देव ठेवला, हा तो मुद्दा. निसर्गनिर्मित आणि मानवनिर्मित हा भेद तर उलट माझ्याच बाजूचा आहे. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून काप्रीच्या काठावर गुहाच गुहा आहेत. आपला काळा बेसॉल्ट तसा विरघळत नाही. नदीला जे करता आले नाही ते इथे माणसाने हाताने केले.

पोहण्याबद्दल मात्र अधिक जबाबदारीने बोलायला हवे. निळ्या गुहेत आज पोहायला मनाई आहे, आणि होड्यांच्या गर्दीत ती योग्यच आहे. तरी १८२६ च्या ऑगस्टमध्ये आउगुस्ट कोपिश हा जर्मन कवी-चित्रकार आणि त्याचा मित्र एर्न्स्ट फ्रीस हे स्थानिक कोळ्याच्या सोबतीने पोहतच आत गेले होते, आणि युरोपभर तिचा बोलबाला झाला तो त्यानंतर. बेटावरच्या लोकांना गुहा आधीपासून माहीत होती. भुताखेतांच्या भीतीने ते तिच्या वाटेला जात नसत. पोहत आत जाणारा माणूस आणि होडीत आडवा पडून पाच मिनिटांत बाहेर येणारा माणूस, यांतला पहिला पाण्याची पातळी, त्याचा गारवा, त्याची ओढ अंगावर घेतो. म्हणून मी म्हणेन की मनाई सरसकट न ठेवता होड्या थांबल्यावर, समुद्र निवांत असताना, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, मोजक्या लोकांना पोहू द्यावे. धोका आहेच. तिबेरियसलाच तो कळला होता: इ.स. २६ मध्ये स्पेर्लोंगाच्या समुद्रगुहेत तो जेवायला बसला असताना तोंडावरचे दगड कोसळले आणि काही सेवक मेले. गुहेतले पाणी बाहेरून शांत दिसले तरी लाट आत शिरून छतापर्यंत उसळते, हे आपल्या कोकणातल्या कोळ्यांना सांगावे लागत नाही. पोहणाऱ्याने त्यांचाच सल्ला मानावा आणि ‘आज नको’ म्हटले की काठावर बसावे.

आणि काही गुहांत पोहता येत असले तरी जाऊ नये. याचे उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही ओसाड खडकाळ बेटे आहेत. तिथल्या अंधाऱ्या गुहेत भारतीय पाकोळी वीण करते. ती लाळेने घरटे बांधून कातळाला चिकटवते आणि अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. ही घरटी सूपासाठी परदेशात विकली जातात, म्हणून ती चोरून काढली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००१ च्या सुमारास हे उघड केले आणि वन विभाग व स्थानिक लोकांना सोबत घेऊन राखण सुरू केली. तिथे आपण हौसेने हात मारत आत गेलो, मोबाइलचे दिवे पाजळले, तर अंड्यांवर बसलेली पाकोळी उठते. माझ्या म्हणण्याच्या विरोधात हे उदाहरण जात नाही. पाण्याच्या बाजूने पाहायचे म्हणजे पाण्याने आत कोणाला आधी वसवले आहे तेही पाहायचे. काप्रीच्या गुहेतला देव संग्रहालयात गेला आहे, वेंगुर्ल्याच्या गुहेतला रहिवासी अजून घरी आहे.

शेवटचा आक्षेप गावातून येईल आणि तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. पाण्याचे कौतुक पुरे, पुराच्या गाळाने लेणे भरते आणि झिजते, तेव्हा नदीकडून पक्की भिंत घालून ते एकदाचे कोरडे करून टाका. कळकळ खरी आहे, उपाय मात्र मला पटत नाही. बेसॉल्टची झीज पाण्याने होते तशी गाळ साचून राहिल्याने, मुळ्या फटींत शिरल्याने आणि सांडपाण्याच्या क्षारांनीही होते. पूर येऊन ओसरतो, साचलेली घाण ओसरत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर पुरातत्त्वाच्या जाणकारांच्या नजरेखाली गाळ हलक्या हाताने काढावा, वरच्या अंगाने येणारे सांडपाणी वळवावे, आणि लेण्यासमोरचा केळणेचा पट्टा इतका स्वच्छ ठेवावा की माणसाला त्यात उतरावेसे वाटेल. भिंत घातली तर नदी आणि लेणे यांची ताटातूट होईल, आणि कासा रोसामधल्या नेपच्यूनसारखे आपल्या लेण्याचेही कोरडे अर्धेच उरेल. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. लेण्याच्या कोरीव भागाला हात न लावता, बाजूच्या साध्या कातळाशी एक दगडी खांब रोवावा आणि दर वर्षी पुराचे पाणी कुठवर आले तिथे रेघ मारून सालाचा आकडा घालावा. बारवेच्या पायऱ्या हेच काम करतात: अमक्या पायरीपर्यंत पाणी आले की साल बरे. पोळ्याच्या आसपास नदीवर बैल धुवायला आलेला शेतकरी त्या खांबाकडे पाहील, आणि त्याच्या मागे तेच पाणी लेण्याच्या उंबऱ्याशी थांबलेले असेल.